झीज कोणाची?

गेल्या महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं चार मंडळी जमली असतां बोलण्याच्या ओघांत घरभाड्याचा विषय निघाला. मंडळी सगळी सुशिक्षित. कोणी निवृत्त अधिकारी, कोणी डॉक्टर, कोणी आमच्यासारखे अध्यापक. त्यांपैकीं एका गृहस्थांची पुण्यास एक जास्तीची सदनिका असून ती ते भाड्यानें देतात. त्यांच्या भाडेकरूनें स्वयंपाकघरांतील गंजलेला नळ व न्हाणीघरांतील जुना गीझर बदलून मागितला होता. गृहस्थ हंसत हंसत म्हणाले, “मीं त्याला एकच विचारलें, अजून चालतें आहे ना? मग झालें तर! आमच्या वडिलांनीं सारा जन्म बंबावर काढला, ह्यांना पंधरा वर्षांचा गीझरहि म्हातारा वाटतो. कायद्यानेंच भाडेकरूंचे हे लाड वाढविले.” मंडळी हंसली. आम्हीहि हंसलों. परंतु घरीं परत येतांना तें हंसूं आमचें आम्हांसच बोंचूं लागलें. आणि तें कां बोंचलें याचा विचार करीत असतां हा लेख लिहिला गेला.

सदर गृहस्थांच्या बोलण्यांत तीन मुद्दे होते. चालत असलेली वस्तु बदलण्याचें कारण नाहीं, हा पहिला. कायद्यानें भाडेकरूंचे लाड केले, हा दुसरा. तिसरा त्यांनीं उघड बोलून दाखविला नाहीं, तथापि त्यांच्या हंसण्यांत तो होताच : ज्याला हें घर पसंत नसेल त्यानें दुसरें पाहावें. हे तिन्ही मुद्दे आमच्या वर्गांत सर्रास बोलले जातात आणि बहुधा कोणी त्यांस हरकत घेत नाहीं. आमच्या मतें तिन्ही खोटे आहेत. आणि पहिला तर नुसता खोटा नसून जिवावर बेतणारा आहे.

वस्तु चालते याचा अर्थ ती धड आहे असा आपण घेतों. माणसाच्या बाबतींत हा न्याय आपण लावीत नाहीं. चालत्याबोलत्या मनुष्याच्याहि पोटांत रोग असूं शकतो हें आपणांस ठाऊक असतें. घरांतील तारा, नळ्या व यंत्रें यांच्या बाबतींत मात्र हें शहाणपण आपण उंबऱ्याबाहेर ठेवून येतों. मुंबईच्या जुन्या इमारतींतून विजेच्या तारा रबराचें वेष्टन घालून लांकडी पट्ट्यांच्या पोटांतून नेलेल्या असत. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें तें रबर कडक होतें, त्यास चिरा पडतात, आणि शेवटीं हात लावतांच त्याचा भुगा होतो. पण दिवा लागण्यास रबर लागत नाहीं, तांबें लागतें. आणि तांबें शाबूत असेपर्यंत दिवा लागतच राहतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळीचीहि गत तीच. मुलामा झिजला कीं आंतून गंजाच्या गांठी धरतात, नळीचें तोंड करंगळीएवढें होतें, सकाळचें पहिलें पाणी तांबूस येतें. तरी पाणी येतेंच, आणि एके रात्रीं नळी फुटून खालच्या बिऱ्हाडाचें छत भिजेपर्यंत येत राहतें. गीझरांत पाणी तापविणाऱ्या नळीवर क्षार बसून तिचें आवरण कुरतडलें गेलें, आणि घरास धड अर्थिंग नसलें, म्हणजे वीज पाण्यांत उतरते. पण पाणी तापतेंच. सारांश, ह्या वस्तूंचा स्वभावच असा आहे कीं त्या अपघाताच्या क्षणापर्यंत ‘चालत’ असतात. तेव्हां ‘चालतें आहे ना?’ हा प्रश्नच मुळीं चुकीचा आहे. ‘धड आहे ना?’ हा खरा प्रश्न होय. आणि त्याचें उत्तर घरांत न राहणाऱ्या मालकानें फोनवरून द्यावयाचें नसतें, तारतंत्र्यानें पाहून द्यावयाचें असतें.

आमचें बालपण गिरगांवांतील एका चाळींत गेलें. दोन खोल्या, पुढें सामायिक गॅलरी. पावसाळ्यांत भिंतींना ओल येई आणि स्वयंपाकघरांतील दिव्याच्या बटणास हात लावला कीं झिणझिण्या येत. आमच्या मातोश्री त्या बटणापाशीं एक लांकडी पाट ठेवीत, व त्यावर उभ्या राहून दिवा लावीत. आम्हां मुलांस पाटावांचून बटणास हात लावण्याची सक्त मनाई होती. वडील एका कचेरींत कारकून होते. त्यांनीं मालकास पत्रें लिहिलीं, त्यांच्या नकला एका फाईलींत लावून ठेविल्या. भाड्याची पावती दर महिन्यास बिनचूक येई; पत्राचें उत्तर कधींच आलें नाहीं. एकदां मालकाचे मेहता भाडें घ्यावयास आले असतां वडिलांनीं त्यांस बटण दाखविलें. मेहतांनीं दिवा लावला, मालवला, आणि म्हणाले, “चालतें आहे ना, साहेब?” पाटावर उभे राहूनच त्यांनीं तो लावला होता. तो पाट पुढें कित्येक वर्षें तेथेंच होता. आमच्या घरांत कोणास अपघात झाला नाहीं, याचें श्रेय आम्ही त्या पाटास देतों. घरमालकास किंवा कायद्यास देत नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. लाड झाले कीं नाहीं तें त्याच्या अक्षरांवरूनच ठरूं द्या. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यानें कलम १०८ मध्यें दोन्ही पक्षांचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. भाडेकरूनें जागा ज्या स्थितींत घेतली त्या स्थितींत परत करावी. मात्र वाजवी वापरानें झालेली झीज तीस अपवाद आहे. म्हणजे झीज कोणाची, या प्रश्नाचा निकाल सुमारें दीडशें वर्षांपूर्वींच लागलेला आहे : रीतसर वापरांतून होणारी झीज भाडेकरूच्या माथीं मारतां येत नाहीं. आणि तें न्याय्यच आहे. कारण भाडें घेतलें जातें तें वापराबद्दल, आणि वापर म्हटला कीं झीज आलीच. जो वापराचा मोबदला घेतो त्यानें झिजेचा भार नाकारणें म्हणजे गाईचें दूध घेऊन चाऱ्याच्या वेळीं ती शेजाऱ्याची आहे असें सांगणें होय. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ सालचा. तो ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. त्याच्या कलम १४ प्रमाणें जागा चांगल्या व राहण्याजोग्या दुरुस्तींत ठेवण्यास मालक बांधलेला आहे. पंधरा दिवसांहून कमी नाहीं अशा मुदतीची नोटीस देऊनहि त्यानें वाजवी वेळांत दुरुस्ती केली नाहीं, तर भाडेकरूंनीं ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यांतून वळता करून घ्यावा, अशी मुभा आहे. कलम २९ प्रमाणें पाणी, वीज, जिन्यावरचे दिवे, लिफ्ट व सफाई ह्या आवश्यक सोयी मालकास तोडतां किंवा अडवून धरतां येत नाहींत.

येथें एक आक्षेप हमखास येतो. कायदा ‘दुरुस्ती’ म्हणतो, ‘बदली’ म्हणत नाहीं. जुन्या जागीं नवें बसविणें ही सुधारणा होय, तिची मागणी भाडेकरूस करतां येणार नाहीं. हा युक्तिवाद वरवर पाहतां चोख दिसतो. परंतु त्यांत घर आणि घरांतील अवयव यांचा घोळ केलेला आहे. दुरुस्त ठेवावयाची आहे ती जागा, नळ नव्हे. कोटाचें बटण तुटलें तर नवें बटण लावणें ही कोटाची दुरुस्तीच असते, नवा कोट शिवणें नव्हे. भुगा झालेल्या रबराची दुरुस्ती होत नाहीं. तार बदलणें हीच वायरिंगची दुरुस्ती. मात्र उलट बाजूहि आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. केवळ जुनी झाली, शेजाऱ्याकडे नव्या तऱ्हेची आली, रंग उडाला, एवढ्यावरून कोणतीहि वस्तु बदलून मागण्याचा हक्क भाडेकरूस नाहीं, व तो असूंहि नये. पितळी तोटी चाळीस वर्षांची असूनहि नीट बंद होत असेल तर ती वंदनीय आहे. हक्क नवेपणाचा नाहीं. हक्क धडपणाचा आहे. वस्तूचें वय हा पुरावा नव्हे, पण तपासणीचें कारण खास होय.

इतकें कायद्यानें दिलें असतां तक्रार कसली, असें कोणी विचारील. तक्रार अशी कीं, कायद्यानें एका हातानें दिलें तें तीन ठिकाणीं दुसऱ्या हातानें काढून घेतलें आहे.

पहिलें ठिकाण कलम १४ च्या आरंभींच आहे. भाडेकरूनें विरुद्ध करार केला नसेल तर मालक बांधलेला, असें तें कलम सांगतें. म्हणजे ‘सर्व दुरुस्त्या भाडेकरूनें कराव्यात’ अशी एक ओळ छापील करारांत घातली कीं कर्तव्य संपलें. जागेच्या शोधांत थकलेला मनुष्य करार वाचीत नसतो. तो सही कोठें करावयाची एवढेंच विचारतो. ज्या शहरांत घर मिळणें हेंच भाग्य समजलें जातें, तेथें अशा सहीस ‘संमति’ म्हणणें हा शब्दाचा अपमान आहे.

दुसरें ठिकाण वजावटीच्या मर्यादेचें. कोणत्याहि वर्षीं वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असतां कामा नये, असा निर्बंध आहे. आतां जुन्या चाळींतील भाडेकरूचा हिशेब मांडून पाहूं. भाडें महिना २०० रुपये धरलें तर सालाचें २,४०० झालें. त्याचा चौथा हिस्सा ६००. नळ्या व वायरिंग बदलण्यास ४०,००० रुपये लागले असें समजूं. हे पैसे वसूल होण्यास ६६ वर्षें ८ महिने लागतील! भाडेकरूंनीं एकत्र येऊन दुरुस्ती केली तर कायदा शेंकडा १५ दरानें सरळव्याजहि मंजूर करतो. तें व्याजच सालाचें ६,००० होतें, आणि वजावट ६००. मुद्दल तर राहोच, व्याजाचाहि दशांशच फिटतो. वर्ष सरेल तसतसें देणें वाढतच जातें. ज्या हक्काचा हिशेब मांडला असतां तो हक्क न बजावणेंच शहाणपणाचें ठरतें, त्यास हक्क म्हणावें कीं थट्टा म्हणावी, हें वाचकांनींच ठरवावें.

तिसरें ठिकाण सर्वांत मोठें, आणि आमच्या वाचकांशीं त्याचा निकटचा संबंध आहे. आज पुण्यामुंबईस जीं नवीं कुटुंबें भाड्यानें राहतात तीं बहुतेक कायद्याच्या भाषेंत भाडेकरू नाहींतच. तीं ‘लीव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे अकरा महिन्यांच्या परवानगीवर राहतात. जुन्या भाडेकरूचें कवच त्यांस नाहीं, आणि कलम १४ चें शस्त्रहि नाहीं. उलट मालकाच्या हातीं कलम २४ आहे. मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट शुल्क भरावें लागतें. आणि त्या कलमापुरता लेखी करार हा त्यांत लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. ह्याच करारांत ‘सर्व फिटिंग्ज सुस्थितींत मिळाल्या’ असें वाक्य आधींच छापलेलें असतें, आणि गीझर एकदांहि चालू करून पाहिल्याशिवाय त्याखालीं सही झालेली असते. आतां वरचाच हिशेब येथें लावा. महिना ३०,००० रुपये दिले तर सालाचे ३,६०,०००. चौथा हिस्सा ९०,०००. एवढ्यांत त्या सदनिकेचे सगळे नळ, गीझर व विजेचा बोर्ड बदलून वर पैसे उरतील. म्हणजे जेथें कलम पोहोंचतें तेथें पैसा पोहोंचत नाहीं, आणि जेथें पैसा आहे तेथें कलम पोहोंचत नाहीं. ह्याला जर लाड म्हणावयाचे असतील तर मराठी भाषेंत उपेक्षेसाठीं नवा शब्द शोधावा लागेल.

परवानगीवर राहणाऱ्यास कायद्याचा अगदींच आधार नाहीं असें मात्र नाहीं. १८८२ सालच्याच सुविधाधिकारांच्या कायद्यांतील कलम ५७ सांगतें कीं, जागेंतील ज्या दोषापासून राहणाऱ्याच्या जिवास वा मालमत्तेस धोका संभवतो, व जो देणाऱ्यास ठाऊक असून घेणाऱ्यास ठाऊक नाहीं, तो उघड करण्यास देणारा बांधलेला आहे. अर्थिंग नाहीं हें ठाऊक असून गप्प बसणारा मालक केवळ कंजूष नव्हे, कर्तव्यच्युत होय. कलम लहान आहे, जुनें आहे, आणि बहुतेक मालकांनीं त्याचें नांवहि ऐकलेलें नसतें. त्यांनीं तें ऐकावें म्हणून येथें लिहून ठेवतों.

आतां मालकपक्षाचें म्हणणें. तें ऐकून न घेतां निवाडा करणें अध्यापकास शोभणार नाहीं. १९४७ सालच्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविलीं. युद्धानंतरच्या टंचाईंत तें आवश्यकच होतें. पण टंचाईचा उपाय पन्नास वर्षें तसाच राहिला. चाळीचें भाडें चहाच्या बिलाइतकें राहिलें, सिमेंट व मजुरी मात्र काळाबरोबर चालत गेली. १९९७ सालच्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यांत ह्या गोठलेल्या प्रमाणित भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघांत अवाजवी झाल्याचें स्पष्ट सांगितलें. पुढें १९९९ च्या कायद्यानें सालाला शेंकडा ४ वाढीची मोकळीक दिली. परंतु जें मूळच क्षुल्लक त्याचा चार टक्के तो किती? दोनशें रुपये घेऊन चाळीस हजारांची नळी कोणता मालक बसवील? ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नाहीं, आणि त्या मालकास आम्ही खलपुरुषहि समजत नाहीं. त्या अन्यायाचा निकाल शासनानेंच लावावयाचा आहे. १९६९ सालीं इमारत दुरुस्ती मंडळ स्थापन करून व मुंबई शहरांतील १९,६४२ जुन्या इमारतींवर उपकर बसवून शासनानें ती जबाबदारी कांहीं अंशीं पत्करली. पण तें मंडळ मुख्यतः भिंती, खांब व तुळया पाहतें. आणि त्याचेंहि लक्ष कोठवर पुरलें, तें ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारांतील हुसैनी इमारत कोसळून तिसांहून अधिक माणसें गेलीं तेव्हां दिसलेंच.

परंतु, आणि आमच्या वादाचा कणा हाच आहे, हें गोऱ्हाणें ज्यांचें आहे त्यांचेंच राहूं द्यावें. आमच्या त्या गृहस्थांचें भाडें १९४० सालीं गोठलेलें नाहीं. तें दर अकरा महिन्यांनीं वाढतें. अनामत रक्कम त्यांच्या खात्यांत आहे, करार त्यांच्या वकिलानें लिहिला आहे, आणि मुदत संपतांच जागा रिकामी करून घेण्याची सोय कायद्यानें केली आहे. चाळमालकाचें दुःख उसनें घेऊन सदनिकेच्या मालकानें रडूं नये. ह्यावर आणखी एक गोष्ट. आयकराचा कायदा घरभाड्याच्या उत्पन्नांतून, पालिकेचा कर वजा जातां उरलेल्या रकमेच्या शेंकडा ३० इतकी रक्कम सरळ सोडून देतो. मालकानें घरावर एक रुपया खर्च केला असो वा नसो, पावती कोणी विचारीत नाहीं. ही सूट देण्याचें मुख्य प्रयोजन हेंच कीं घर म्हटलें म्हणजे देखभालीचा खर्च आलाच. तो खर्च न करतां सूट मात्र घ्यावयाची, आणि गीझरचा विषय निघाला कीं भाडेकरूंचे लाड म्हणावयाचें! लाड कोणाचे झाले आहेत, याचा निवाडा ह्या तीस टक्क्यांवरून करावा.

‘पसंत नसेल त्यानें जावें,’ हा तिसरा मुद्दा. कराराचें स्वातंत्र्य हें ज्या पुस्तकांतून आम्ही शिकलों त्यांतील तें एक आवडतें तत्त्व होतें. पण त्या पुस्तकांच्याच देशांत त्याची मर्यादा केव्हांच ओळखली गेली. इंग्लंडांत १९८५ सालच्या कायद्याच्या ११ व्या कलमानें सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाड्याच्या घरांतील पाणी, गॅस, वीज, शौचकूप व घर उबदार ठेवण्याचीं साधनें दुरुस्त व चालू ठेवण्याचा भार मालकावर टाकला. आणि २०२० सालच्या नियमांनीं खाजगी भाड्याच्या घरांतील विजेची तपासणी निदान पांच वर्षांनीं एकदां सक्तीची केली. घर सोडणें म्हणजे चप्पल बदलणें नव्हे. मुलाची शाळा, वृद्धांचा डॉक्टर, दलालाचा एक महिना, टेंपोचें भाडें, नवी अनामत जुनी परत येण्यापूर्वींच भरणें. हें सगळें एका गीझरच्या किंमतीच्या कितीतरी पट होतें. हें मालकास ठाऊक असतें, आणि म्हणूनच तो निर्धास्तपणें ‘जा’ म्हणूं शकतो. शिवाय जाणारा गेला तरी गीझर तेथेंच राहतो. त्या पाण्याखालीं उभा राहणारा दुसरा कोणी येतो, एवढाच फरक.

भाडेकरूंचाहि दोष सांगितल्यावांचून हा लेख निष्पक्ष होणार नाहीं. तोटीचा वायसर गेला तरी मालकाला फोन करणारे, मोरींत भाताचीं शितें सोडून नळी तुंबल्याची तक्रार करणारे, खिडकीची बिजागरी तेल न घालतां गंजवून ती बदलून मागणारे भाडेकरू आम्हीं पाहिले आहेत. लहानसहान देखभाल राहणाऱ्याची, हें सर्वमान्य आहे. २०२१ सालीं केंद्र शासनानें जो नमुना भाडेकायदा मंजूर केला त्याच्या परिशिष्टांत ही वांटणी नांवनिशीवार केली आहे. नळ्या बदलणें, आंतलें व बाहेरचें वायरिंग, रंगसफेदी हें मालकाकडे. तोट्या, वायसर, बटणें, कुलपें, कांचा, मोऱ्या साफ करणें हें भाडेकरूकडे. मालकानें आपला भाग केला नाहीं तर भाडेकरूनें तो करून, महिन्याच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंत रक्कम दरमहा वळती करावी, अशीहि तरतूद त्यांत आहे. हा नमुनाच आहे. राज्यानें स्वीकारल्यावांचून त्यास बळ नाहीं. तरी यादी करण्याची त्याची रीत आम्हांस पसंत आहे, कारण यादी असली म्हणजे भांडण तत्त्वाचें राहत नाहीं, तोटीचें राहतें, आणि तोटीचें भांडण लवकर मिटतें. परंतु त्याच यादींत गीझरची दुरुस्ती भाडेकरूच्या वांट्यास टाकली असून, तो आयुष्य संपून निकामी झाला तर काय, याविषयीं स्पष्ट शब्द नाहीं. म्हणजे जेथें वाद खरोखर होतो तेथेंच यादी मुकी आहे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. पाणी, वीज व शौचकूप ह्या तीन बाबतींत मालकाचें कर्तव्य कोणत्याहि कराराच्या ओळीनें नाहींसें होतां कामा नये. कलम १४ चें संरक्षण परवानगीवर राहणाऱ्यांसहि मिळावें. जिवास धोका असलेल्या दुरुस्तीस एकचतुर्थांशाची मर्यादा नसावी. आणि जेथें भाडेंच नगण्य आहे तेथें उपकरांतून शासनानें भर घालावी. जागा देतांना व नवा करार करतांना परवानाधारक तारतंत्र्याचा दाखला कराराला जोडलेला असावा; कराराची नोंदणी करणें जर मालकावर सक्तीचें करतां आलें, तर हा एक कागदहि सक्तीचा करतां येईल. आणि कायदा होईल तेव्हां होवो, तोंवर भाडेकरूनें आपलें काम करावें : सही करण्यापूर्वीं प्रत्येक नळ व बटण पाहावें, दोष करारांतच लिहून घ्यावा, तक्रार तोंडी न करतां लेखी करावी, आणि पावत्या जपून ठेवाव्यात.

शेवटीं एक कबुली द्यावयाची आहे, आणि तीच ह्या लेखाचें खरें कारण आहे. वीस वर्षांच्या नोकरीनंतर आम्हींहि एक लहानशी सदनिका घेतली. निवृत्तीची सोय म्हणून ती भाड्यानें दिली आहे. तेथें एक तरुण दांपत्य आपल्या लहान मुलीसह राहतें. गेल्या पावसाळ्यांत त्या बाईंनीं आम्हांस निरोप पाठविला : “काका, गीझर चालू असतांना नळाला हात लावला कीं झिणझिण्या येतात. मी रबरी चपला घालून नळ सोडतें. गीझर बदलून द्याल का?” आम्ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत गुंतलों होतों. आम्हीं उत्तर लिहिलें, “अजून चालतो आहे ना? दिवाळीनंतर बघूं.”

तें उत्तर पाठविल्यावर दोन दिवसांनीं, कांहीं कारण नसतां, आम्हांस तो लांकडी पाट आठवला. त्याच संध्याकाळीं आम्ही तारतंत्र्यास घेऊन तेथें गेलों. त्यानें बोर्ड उघडून दाखविला. अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. घर आम्हीं घेतलें तेव्हांपासून ती तशीच असावी, आणि आम्हीं एकदांहि पाहिलें नव्हतें. गीझर त्याच आठवड्यांत बदलला. बाईंनीं आमचे आभार मानले, तेव्हां आम्हांस मान वर करवेना. कारण मेहतांना निदान शिक्षण नव्हतें. आम्हांस तें होतें, कायद्याची पुस्तकें आमच्या कपाटांत होतीं, आणि तरीहि मेहतांचेंच वाक्य आमच्या लेखणींतून अक्षरशः उतरलें होतें.

आमच्या वर्गाचा हाच इतिहास आहे. चाळींतून जे भाडेकरू म्हणून निघाले तेच आज सदनिकांचे मालक झाले आहेत. पाटावर उभें राहण्याचें मात्र त्यांनीं आपल्या भाडेकरूंकडे सोंपविलें आहे. त्या बैठकींत गृहस्थांच्या बोलण्यावर आम्ही हंसलों, तें चुकलें. तेथेंच त्यांस विचारावयास हवें होतें तें येथें विचारतों, आणि हें वाचणाऱ्या प्रत्येक घरमालकास विचारतों : ज्या गीझरच्या पाण्याखालीं दुसऱ्याची मुलगी उभी राहते, त्याखालीं आपली उभी राहिली असती तर आपण दिवाळीची वाट पाहिली असती काय?